नाल काढलेल्या घोडीसाठी बूट घ्यायचेत: रुंदी धरायची की लांबी?

वाईची_टाप
घोडी ५८ इंची, मारवाडी क्रॉस, वय ८. नाल काढून पाच महिने झाले. दर पाच आठवड्यांनी खूर तासून घेते. मातीत, गवतात, मुरमावर मोकळी चालते. अडतं ते खडीवर. आठवड्यातून तीन वेळा रपेट असते: धोमच्या कालव्याकडेचा कच्चा रस्ता, पुढे तीनेक किलोमीटर डांबर, आणि महिन्यातून एकदा पसरणी घाटातून पाचगणी. घाटात सुटी खडी आली की पुढची पावलं आखूड पडतात, डोकं वरखाली होतं आणि ती आपण होऊन गटाराकडच्या गवतावर सरकते.

परत नाल मारायची नाही. फक्त खडी-डांबराच्या कामापुरते बूट हवेत. घेतलेली मापं मिलिमीटरमध्ये देते.
पुढचा डावा: रुंदी ११७, लांबी १४३.
पुढचा उजवा: रुंदी ११९, लांबी १४५.
मागचे दोन्ही: रुंदी ११०, लांबी १४२.

तीन कंपन्यांचे तक्ते लावून पाहिले. रुंदी एका नंबरात बसते, लांबी चार-पाच नंबर पुढे जाते. मोठा घेतला तर फिरणार, लहान घेतला तर चढणारच नाही. यातला कुठला आकडा धरायचा? चारही पायांना लागतील की पुढच्या दोनच? वेल्क्रोचे घ्यावेत की रबरी पट्ट्यांचे? आमच्याकडे जून ते सप्टेंबर सगळं ओलंच असतं. शेवटची तासणी चार आठवड्यांपूर्वीची आहे.

कानस_सातारा
कुठलाच धरू नका ताई, लांबीच चुकली आहे. पुढचा खूर रुंदीपेक्षा २६ मिलिमीटर लांब असा नसतो. पुढचा खूर जवळजवळ गोल असतो, लांबी-रुंदीत फरक पडला तर चार-सहा मिलिमीटरचा. मागचा जरा अंडाकृती, तिथे दहा-बारा मिलिमीटर फरक चालतो. तुम्ही पट्टी टाचेमागच्या मऊ गोळ्यांपर्यंत नेलेली दिसते. ते गोळे जमिनीला टेकत नाहीत, त्यामुळे बुटाच्या मापात धरत नाहीत. त्यानेच वीस-बावीस मिलिमीटर वाढलेत. बहुतेकांची पहिली चूक हीच असते आणि परदेशातून मागवलेला बूट परत पाठवायची वेळ येते तीही यामुळेच.

लांबी अशी घ्या. पाय उचला, हुकाने तळवा पूर्ण साफ करा, मग ओल्या फडक्याने पुसा. खुराची भिंत मागे येत येत टाचेपाशी एकदम आत वळते. त्या वळणावर जमिनीला टेकणारा शेवटचा बिंदू डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही बिंदूंवर एक सरळ काडी आडवी ठेवा, आइस्क्रीमची चालेल. त्या काडीच्या मागच्या कडेपासून खुराच्या पुढच्या टोकापर्यंत सरळ रेषेत जे येईल ती लांबी. मधला रबरासारखा त्रिकोणी भाग, म्हणजे फ्रॉग, बऱ्याचदा काडीच्या मागेही येतो. तो मोजायचा नाही.

रुंदी फ्रॉगच्या टोकाच्या किंचित मागे सगळ्यात जास्त भरते. तिथे भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. स्टीलची पट्टी किंवा व्हर्निअर वापरा. शिंप्याचा टेप नको, तळव्याच्या खोलगट भागात तो दबतो आणि दोन-तीन मिलिमीटर जास्त दाखवतो. पुठ्ठ्यावर पाय ठेवून पेन्सिलीने आखायची पद्धतही याच कामाला नको. पेन्सिल जरा तिरपी झाली की आकृती चारी बाजूंनी फुगते.

प्रत्येक पाय तीनदा मोजा. तीन आकड्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पट्टी हलतेय असं समजा.

आणि चौथ्या आठवड्यात माप घेऊच नका. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. तो खाली वाढतो, पण भिंत तिरकी असल्यामुळे टोक पुढेही सरकतं. तासणी करा, दोन-तीन दिवसांत मोजा. भिंत खालच्या बाजूला बाहेर पसरली असेल तर आधी कानशीने ती सरळ करून घ्या, नाहीतर त्या पसरलेल्या कडेचंच माप बुटाला जाईल.

सोबत प्रत्येक पायाचे तीन फोटो काढा: तळव्याचा समोरून, बाजूचा आणि पुढचा. बाजूच्या फोटोला मोबाइल जमिनीवर टेकवून धरा. उभ्याने काढलेल्या फोटोत टाच खरी आहे त्यापेक्षा खाली दिसते.

नालबंद_मिरज
बुटाच्या आधी खुराकडं बघा ताई. पाच महिन्यांत खडी सोसत नसेल तर त्यात नवल काही नाही. टोकाची भिंत केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत पूर्ण नवी यायला नऊ ते बारा महिने लागतात. म्हणजे खालची निम्मी भिंत अजून नालेच्या दिवसांतलीच आहे. खिळ्यांची भोकं कुठपर्यंत उतरली ते बघा, तेवढं नवं आलंय.

पण दुखतं ते भिंतीमुळं नाही, तळवा पातळ असल्यामुळं. अंगठ्यानं तळव्याच्या पुढच्या भागावर जोर द्या. जरा जरी दबला तर पातळ आहे. आमच्या धंद्यातली जुनी सवय म्हणजे नाल मारायच्या आधी तळवा सुरीनं खरवडून चकचकीत करायचा. नालेखाली ते खपून जातं, उघड्या पायाला खपत नाही. तासणाऱ्याला सांगा, तळव्यातलं फक्त जे आपोआप भुसा होऊन पडतंय तेवढंच काढायचं. भिंतीची बाहेरची कड मात्र कानशीनं गोल करून घ्यायची, पाच-सहा मिलिमीटर. कड सपाट सोडली की खडीवर तिचे कपचे उडतात. मग मालक म्हणतो, खूर ठिसूळ आहे.

दोन गोष्टी तपासल्याशिवाय बूट घालू नका.

पहिली, खूर गरम आहे का आणि नाडी उडते का. खुराच्या वरच्या मोठ्या सांध्यामागं दोन्ही बाजूंना हलकं बोट ठेवा. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते आणि तिथं ती जेमतेम लागते. ठकठक लागली, घोडी पुढचे पाय पुढं ताणून मागं रेलून उभी राहिली, वळताना कुरकुरली, तर हे खडीचं दुखणं नाही, खुराच्या आतली सूज आहे. रपेट बंद करून डॉक्टर बोलवायचा. एक्स-रे लागला तर तुम्हाला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथं आधी चौकशी करा. आणि या पट्ट्यात कारण बऱ्याचदा गव्हाणीत सापडतं. ऊसतोड सुरू झाली की गाईम्हशींबरोबर घोड्यालाही वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकतात, वरून कौतुकानं गूळ आणि मक्याचा भरडा. बैल ते पचवतो, घोड्याच्या पायात ते उतरतं.

दुसरी, वास. फ्रॉगच्या दोन्ही बाजूंच्या चरांत हुक फिरवून नाकाशी धरा. काळा, लोण्यासारखा मऊ, कुजका मळ निघाला तर तो सडा आहे. टाचांमधली मधली फट खोल असेल आणि बोटाने दाबल्यावर पाय ओढून घेत असेल तर आतपर्यंत गेलाय. त्यावर बूट चढवला म्हणजे झाकण लावून मुरवायला ठेवल्यासारखं. आधी रोज साफ करायचं, कोरडं करायचं, पातळ पोव्हिडोन आयोडीन लावायचं. मोरचूद गावात सगळेच सांगतात. ते चालतं, पण पाण्यात अगदी फिकट करून आणि फक्त मेलेल्या भागावर. लाल, जिवंत मांसावर मोरचुदाचा खडा कोंबला तर सड्याबरोबर चांगलंही जळतं.

नालेविषयीही सांगतो. टांग्याला जुंपून दिवसभर डांबरावर चालणारं जनावर असतं तर मी म्हणालो असतो नालच मारा. आठवड्याला तीन रपेटींना बूट पुरे.

माणदेशी_रपेट
माप वरच्या दोघांनी सांगितलं, मी बुटांच्या जातींवर लिहितो. एवढे प्रकार दिसतात, पण पकड कशी घेतो यावरून तीनच घराणी पडतात.

एक, घट्ट कवच. ईझीबूट ग्लव्ह या प्रकारातला. खूर आत शब्दशः रुतून बसतो, वरून फक्त निओप्रीनचा, म्हणजे मऊ रबरी कापडाचा पट्टा. रबरी हातोडीने टोकावर दोन ठोके मारून बसवायचा. पुढे इंग्रजी व्ही आकाराची चीर असते, ती किंचित फाकली पाहिजे. अजिबात फाकली नाही तर बूट मोठा आहे, खूप फाकली तर लहान. दौडीला याच्याइतका चांगला कुठलाच नाही, हलका असतो, पायात पाय लागत नाही. पण दोन-तीन मिलिमीटर माप चुकलं तर संपलं. आणि तासणी पाच आठवड्यांची ठेवलीत तर चौथ्या आठवड्यात हा चढायचा बंद होतो. दर पंधरा दिवसांनी स्वतः कानस फिरवणार असाल तरच याच्या वाटेला जा.

दोन, रबरी पट्ट्यांचा. ऑस्ट्रेलियाचा स्कूट बूट हे यातलं ओळखीचं नाव. वेल्क्रो नाही, पट्टीच्या भोकातून गुंडी ओढून अडकवायची. खाली पाणी जायला भोकं. ओढ्यातून गेलं तरी चार पावलांत रिकामा होतो. भोकांतून पाणी जातं तशी वाळूही येते, त्यामुळे नदीच्या पात्रातून बाहेर आलात की एकदा पाय उचलून बघायचा. नव्या पट्ट्या कडक असतात, पहिले आठ दिवस अंगठ्याची कातडी जाते. गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून घ्या, वाकतात.

तीन, पुढून उघडणारा वेल्क्रोचा. कॅव्हालोचे सिंपल आणि ट्रेक. घालायला सगळ्यात सोपा, मापात थोडी ढील चालते, तळ रुंद खुरासाठी वेगळा आणि अरुंद खुरासाठी वेगळा मिळतो. नुकती नाल काढलेल्या, अजून आकार बदलत असलेल्या पायाला हा समजूतदार. तोटा म्हणजे आकाराने मोठा, दौडीत जरा धप्पधप्प पडतो.

रेनेगेड दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला: टाचेचा भाग वेगळा, बिजागरीसारखा हलतो, त्यामुळे उतारावर टाच घासत नाही. ईझीबूट क्लाउडसारखे जाड गादीचे बूट दिसतील, ते आजारी पायाला उभं राहण्यासाठी आहेत, रपेटीसाठी नाहीत. स्वस्त दिसले म्हणून घेऊ नका.

आता आपल्याकडचं. माण, खटाव, जत, आटपाडीच्या गायरानात पाऊस सरला की कुसळ उभं राहतं. वेल्क्रोचं आणि कुसळाचं सूत जुळलेलं असतं. एका रपेटीत पट्टा केसाळ होतो, तिसऱ्या रपेटीला धरत नाही. वर निओप्रीनच्या आत एक कुसळ शिरलं की ते पावलागणिक टोचत राहतं आणि माणसाला वाटतं बूट लागला. गोखरूचंही तेच. कोरड्या पट्ट्यात रबरी पट्टीच बरी, वेल्क्रो घेतलाच तर जुना कंगवा खोगिराच्या पिशवीत ठेवा, सुटी कुसळं तारेच्या ब्रशपेक्षा त्याने बरी निघतात.

कृष्णाकाठची काळी माती वेगळाच प्रकार करते. ओली असताना ती बूट घट्ट धरून ठेवते आणि घोडा पाय उचलतो. जो बूट फक्त वरच्या पट्ट्यावर टांगलेला आहे तो तिथेच राहतो. उसाच्या सरीतून, पाणी सोडलेल्या रानातून जायचं असेल तर बूट काढून हातात घ्या, मऊ मातीत ते लागतही नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला जांभा आहे. उन्हाळ्यात तो कानशीसारखा झिजवतो, टोकाकडचा तळ आधी जातो. पावसाळ्यात त्याच जांभ्यावर शेवाळ धरतं आणि रबर त्यावर घसरतं. नक्षी झिजलेला बूट टेबललँडवर जुलैत घालू नका, त्यापेक्षा उघडा खूर बरा पकडतो.

कृष्णाकाठ
मध्येच विचारतो. एवढं बाहेरून मागवण्यापेक्षा आपल्याकडचा चांभार ट्रकच्या टायरचा तळ आणि चामड्याचा वरचा भाग लावून का देणार नाही? बैलाच्या पत्र्या इथे होतात, कोल्हापुरी वहाण इथे होते, मग हेच का अडावं?

कानस_सातारा
तळ होईल, पकड होणार नाही. बूट तळाने टिकत नाही, खुराच्या भिंतीला बाहेरून कवळून टिकतो. खूर वरून खाली रुंद होत जाणारा शंकू आहे. त्यावर चामड्याची पिशवी बांधली की ती चालताना वर सरकायला बघते, भिजली की सैल होते आणि दुडकीत अर्धी फिरते. मग पट्टी आवळतात. ती पट्टी केसांच्या कडेवर चढली की तिथून वाढणारी भिंतच दुखावते. ती खूण खाली उतरून जायला वर्ष लागतं. टायरमधल्या तारांची टोकं आत निघाली तर आणखी वेगळं.

तात्पुरता उपयोग एकाच ठिकाणी आहे. खुरात पू झाला, डॉक्टरने भोक पाडून दिलं, आता दोन-चार दिवस जागा स्वच्छ ठेवायची आहे. तेव्हा लहान मुलाचा डायपर, त्यावर चिकटणारी क्रेप पट्टी, त्यावर डक्ट टेपचे सहा-सात थर आणि तळाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. टेप केसांच्या कडेच्या वर न्यायचा नाही. रोज बदलायचं.

मुळात हे बूटसुद्धा १९७०च्या सुमारास अमेरिकेत निघाले ते वाटेत नाल पडली तर स्टेपनी म्हणून. रोज वापरण्याइतके चांगले व्हायला बराच काळ गेला.

वाईची_टाप
परवा तासणी झाली, आज सांगितल्याप्रमाणे काडी लावून मोजलं. तळवा खरवडू दिला नाही, कड गोल करून घेतली.
पुढचा डावा: ११५ रुंद, ११९ लांब.
पुढचा उजवा: ११७ रुंद, १२१ लांब.
मागचे: १०८ रुंद, १२१ लांब.

नाडी जेमतेम लागते, खूर गार आहेत. सडा डाव्या पुढच्या पायात एका चरात थोडा होता, आयोडीन सुरू केलंय. वाढं बंद. अंगठ्याने दाबल्यावर तळवा टोकाकडे किंचित दबतो. नऊ-दहा महिने होईपर्यंत खडीवर बूट, बाकी उघडी, असं ठरवलंय.

कानस_सातारा
आता आकडे घोड्याचे वाटतात.

पुढचे दोन्ही बहुतेक एकाच नंबरात बसतील. बऱ्याच कंपन्यांत दोन नंबरांमध्ये चार-पाच मिलिमीटरचं अंतर असतं. तक्त्यात रुंदी आणि लांबी दोन्ही एकाच रकान्यात पडली पाहिजेत. रुंदी बसते आणि लांबी चार मिलिमीटर कमी पडते, तर टोकापाशी पोकळी राहते, त्या पोकळीत खडा अडकतो आणि बूट त्याच्याभोवती फिरतो. लांबी बसते आणि रुंदी जास्त, तर भिंतीवर दाब येतो. दोन्ही एका रकान्यात येत नसतील तर ती कंपनी तुमच्या घोडीची नाही, दुसरी बघा. डावा-उजवा वेगळ्या नंबरात निघाले तर वेगळे मागवा. सुटा एकेक बूट विकणारे आहेत.

मागे आत्ता घेऊ नका. पुढच्या पायांवर साधारण ६० टक्के वजन असतं, दुखतातही तेच. मागचे १३ मिलिमीटर लांबट आहेत, त्यांना अरुंद तळाचाच बूट लागेल. आधी पुढच्या पायांचे बूट दोन महिने वापरा, मागचे पाय खडीवर बोलले तर मग.

तुमचा खूर अजून बदलणार आहे. नाल निघाल्यावर टाचा हळूहळू रुंदावतात, वर्षभरात पाच-सहा मिलिमीटर सहज. म्हणून घट्ट कवचाचा आत्ता नको. वेल्क्रो की रबरी पट्टी यात तुमच्या पावसाकडे बघून मी रबरी पट्टी म्हणेन. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि पाचगणी त्याच रांगेत आहे. ओलं निओप्रीन आणि ओली कातडी एकमेकांवर घासली की तासाभरात फोड. पण त्याआधी एक करा: काही कंपन्या दोन-तीन नंबरांची नुसती रिकामी कवचं मापायला पाठवतात, काहींची कागदी आकृती छापून खुराखाली धरता येते. कवच मिळालं तर तेच. आपल्याकडे परत पाठवणं हे मूळ किमतीइतकंच महाग पडतं, वर कुरिअरवाला आधार किंवा पॅन मागतो आणि कस्टम ड्युटी वेगळी. पार्सल मागवताना एक जोड सुट्या पट्ट्या त्यातच घाला, नंतर दोन पट्ट्यांसाठी पुन्हा तेवढाच खर्च होतो.

तळव्याला गादी लागेल का हे तुम्ही विचारलं नाही, पण दबणारा तळवा आहे म्हणजे विचाराल. सहा मिलिमीटरची फोमची गादी पुरे. गादी घातली की खूर बुटात तेवढा वर बसतो, वरची कड केसांपाशी येते. म्हणून माप गादीसकट तपासा, नंतर घालू म्हणाल तर बूट लहान होतो. गादी दर रपेटीनंतर काढून वाळवायची. ती रोज ओली राहिली तर डाव्या पायातला सडा उजव्यातही येईल.

आला की असं तपासा. सपाट जागी घाला, घोडीला पन्नास पावलं चालवा, मग पाय उचलून बूट दोन्ही हातांनी धरा आणि घड्याळाच्या काट्यासारखा पिळा. दोन-तीन मिलिमीटर हलला तर ठीक, बोटभर फिरला तर मोठा. वरची कड केसांच्या खाली राहिली पाहिजे. टाचेच्या गोळ्यांना मागचा भाग टेकायला नको, पट्ट्याखाली एक बोट जायला हवं. समोरून खूर आणि बूट यांत फट दिसायला नको.

पहिल्या दिवशी मैदानात १५ ते २० मिनिटं, चालच. बूट काढून टाचेचे गोळे, केसांची कड आणि वरचा बारीक भाग हाताने चाचपायचा. केस उलटे फिरलेले दिसले तर ती घासण्याची पहिली खूण, दुसरी गरम लागणं, तिसरी टक्कल. पहिल्या खुणेवरच थांबा. दुसऱ्या दिवशी काही दिसलं नाही तर अर्धा तास आणि थोडी दुडकी, तिसऱ्यांदा तासभर, मग कालव्याचा रस्ता. पाचगणी दोन आठवड्यांनी. घासणाऱ्या जागी कापडी चिकटपट्टी तात्पुरती चालते, पण रोज तिथेच लावावी लागत असेल तर माप किंवा टाचेचा कोन चुकतोय.

नालबंद_मिरज
घाटाचं एक राहिलं. चढताना टाच बुटातून उपसायला बघते, उतरताना खूर पुढं सरकून टोक दाबलं जातं. म्हणून मैदानात बसलेला बूट घाटात बसेलच असं नाही. पहिल्यांदा घाट फक्त चढून वर पाय तपासा, परत निम्मा उतरून पुन्हा तपासा. उतारावर दुडकी नको. टाच बसकी असलेल्या जनावराचा बूट मागून टाचेला घासतो, उभट टाचेचा मागून सुटतो. फोटो टाका, टाच कशी आहे ते सांगतो.

आणि बूट घालून रात्रभर बांधू नका. रपेट झाली की काढा, पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. उन्हात टाकलं की निओप्रीन कडक पडतं. स्क्रू असलेला बूट असेल तर दर चार-पाच रपेटींनी पेचकस फिरवा, डांबराच्या हादऱ्यानं ते सुटतात. बरोबर हुक, पेचकस, एक सुटी पट्टी, एवढं पुरतं.

भिंत लवकर दाट यावी म्हणून बायोटिन देतात. दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम, आणि सहा-नऊ महिने सलग. महिनाभर देऊन काही होत नाही.

वाईची_टाप
रबरी पट्टीचा मागवते, आधी मापाची कवचं मिळतात का ते विचारते. एकच: काही बुटांना वरचा पट्टा नायलॉनच्या पट्टीचा, लांब येतो आणि घोडीचा पाय बारीक आहे. उरलेलं टोक लोंबतं. आल्या आल्या कापलं तर चालेल का?

कानस_सातारा
आत्ता नको. पहिले आठ-दहा दिवस पट्टा ताणतो, आणि गादी घातली की पायाची उंचीही बदलते. टोक तोवर दुमडून चिकटपट्टीने बांधा, लोंबतं सोडू नका, मागचा पाय त्यावर पडला तर पट्टा तुटेल नाहीतर घोडी गुडघ्यावर येईल. पुढच्या तासणीच्या आदल्या दिवशी, खूर सगळ्यात वाढलेला असताना बांधून बघा. तेव्हाही तीन बोटांपेक्षा जास्त उरलं तर तीन बोटं ठेवून कापा आणि कापलेली कड लायटरने जरा भाजा, धागे सुटत नाहीत.